हुद्द्याला हद्द असते, जातीला नसते

सैन्याबद्दल आपल्या वस्त्यांमध्ये दोन वाक्ये सारखी ऐकू येतात. पहिले निवृत्त फौजींचे: "मिलिट्रीत जातपात नसते." दुसरे चार पुस्तके वाचलेल्या आमच्या पिढीचे: "मिलिट्री म्हणजे गणवेश घातलेली जातव्यवस्थाच." आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले, मग समाजकार्यात आलो. आमच्या अभ्यासिकेत दरवर्षी भरतीची तयारी करणारी मुले येतात. पहाटे रस्त्यावर धावायचे, दुपारी गणित आणि सामान्यज्ञान, संध्याकाळी पुन्हा मैदान. त्यामुळे ही दोन्ही वाक्ये आमच्या कानावर कायम पडतात. दोन्ही अर्धवट आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि अर्धवट वाक्ये घेऊन आपली मुले छावणीच्या फाटकातून आत जाणार असतील तर ते धोक्याचे आहे.

प्रश्न अगदी खालच्या पायरीचा आहे. जनरल आणि कर्नल यांचे मानपान आपल्याला २६ जानेवारीच्या संचलनात दिसतात. पण आपला मुलगा भरती होतो तो शिपाई म्हणून. त्याचे आयुष्य शिपाई, लान्स नाईक, नाईक आणि हवालदार या चार शब्दांत जाते. तिथे कोण कोणाला मान देतो, कशासाठी देतो, आणि मान देणे कुठे संपते व गुलामी कुठे सुरू होते, हे त्याला कोणी शिकवत नाही. तो मार खाऊन शिकतो.

आमचे मामा एका पायदळ पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. खालच्या पायरीचा हिशोब आम्हाला त्यांनीच समजावला. रिक्रूट सेंटरला गेला की शिकवणारा तो 'उस्ताद'. उस्ताद हुद्द्याने नाईक असेल, कधी लान्स नाईकही असेल, पण रिक्रूटसाठी तोच सरकार. पुढे पलटणीत आल्यावर एक फीत लागली की लान्स नाईक, दोन लागल्या की नाईक, तीन लागल्या की हवालदार. त्याच्या वर नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. तिथून 'साहेब' हा शब्द सुरू होतो. हवालदाराला जवान 'साहेब' म्हणत नाही, पण त्याच्यासमोर हात खिशात घालूनही उभा राहत नाही.

हुद्दा सारखा असेल तर? तर नेमणुकीची तारीख बघतात. मामा म्हणाले, "बघ, माझ्याआधी आठ दिवस फीत लागलेला माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान होता. पण ड्यूटीवर मी त्याचं ऐकायचो. घरी तो मला दादा म्हणायचा." या एका वाक्यात आम्हाला पूर्ण समाजशास्त्र दिसले. मॅक्स वेबरने अधिकाराचे प्रकार सांगताना व्यक्तीचा अधिकार आणि पदाचा अधिकार वेगळा केला. तो फरक एम.ए.च्या वर्गात आम्ही टिपणे काढून पाठ केला होता. मामांनी तो पलटणीत जगून पाहिला होता.

बौद्ध वाचकाला यात नवे काही वाटायला नको. भिक्खू संघातही ज्येष्ठता ठरते ती उपसंपदेच्या काळावर. घराणे, वय, संपत्ती यांचा तिथे संबंध नाही. शाक्य राजपुत्र संघात आले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. विनयपिटक सांगते की राजपुत्रांनीच तथागतांना विनंती केली, आधी उपालीला प्रव्रज्या द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्य कुळाचा गर्व मोडेल. थोडक्यात, वंदनाची प्रथा ठेवूनही जातीचा कणा मोडता येतो. अट एकच: वंदन कोणाला करायचे हे जन्माने ठरता कामा नये.

म्हणूनच "मिलिट्री म्हणजे दुसरी जातव्यवस्था" हे वाक्य आम्हाला मान्य नाही. ३१ जानेवारी १९२० च्या 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला अशा मनोऱ्याची उपमा दिली होती, ज्याला मजले आहेत पण मजल्यांना जोडणारी शिडी नाही. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. पलटणीलाही मजले आहेत. पण तिथे शिडी आहे, त्या शिडीच्या परीक्षा आहेत, प्रमोशनचे केडर कोर्स आहेत, आणि शेवटी निवृत्ती आहे. निवृत्तीच्या दिवशी हवालदार फिती उतरवून घरी येतो. जात कोणी उतरवू शकतो का? जातीत निवृत्तीचे वय कोणते?

संविधानही हाच भेद करते. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. त्याच्या शेजारी कलम १८ आहे. या कलमाने रावबहादूर, रायबहादूर, सर असले किताब देण्याचा सरकारचा अधिकारच काढून घेतला. पण त्याच वाक्यात दोन अपवाद ठेवले, एक विद्याविषयक आणि दुसरा सैनिकी. हे अपवाद उगाच ठेवलेले नाहीत. डॉक्टर ही पदवी अभ्यास करून मिळते, हवालदार हा हुद्दा सेवा करून मिळतो. दोन्ही कमवावे लागतात आणि दोन्ही मुलाच्या नावावर चढत नाहीत. सुभेदाराचा मुलगा सुभेदार म्हणून जन्माला येत नाही. ब्राह्मणाचा मुलगा मात्र ब्राह्मण म्हणूनच जन्माला येतो, त्याने एक अक्षर वाचले नाही तरी.

सलामीचेही तसेच आहे. सॅल्यूट कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्याला असतो आणि अधिकाऱ्याने तो परत करायचा असतो. जवान "जय हिंद साहेब" म्हणतो, समोरूनही "जय हिंद" येते. आता गावातला जुना रिवाज आठवा. आपल्या आज्या-पणज्यांनी पाटलापुढे "जोहार मायबाप" म्हणायचे. पाटील उलट "जोहार" म्हणायचा का? कधीच नाही. तो जोहार एकाच दिशेने वाहत होता. त्या जोहाराच्या जागी आपण "जयभीम" आणला. त्याला उत्तर म्हणूनही "जयभीम"च येते, म्हाताऱ्याकडून आणि पोराकडूनही. ज्या आदराला उत्तर मिळते तो आदर. ज्याला उत्तर मिळत नाही ती हुजरेगिरी.

आता पहिल्या वाक्याकडे येऊ. "मिलिट्रीत जातपात नसते." मित्रांनो, ही शिडी आपल्या पूर्वजांनी फार लवकर ओळखली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर भीमा कोरेगावला उभारलेल्या स्तंभावर 'नाक' या शेवटाची नावे कोरलेली आहेत, ती आपण दरवर्षी वाचतो. बाबासाहेबांचे आजोबा सैन्यात होते. वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, लष्करी शाळेत शिक्षक होते, आणि बाबासाहेबांचा जन्मच १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला. पलटणीत शाळा होती, पगार होता, पेन्शन होती. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या अंगावर हुद्दा चढू शकतो, हे आपल्या समाजाने आधी छावणीत पाहिले.

पण ती शिडी वरून कापलेली होती. हिंदी शिपायाचा शेवटचा टप्पा सुभेदार मेजर. तीस वर्षे नोकरी केलेला सुभेदार मेजर कालच विलायतेहून आलेल्या गोऱ्या पोरापुढे टाच जुळवून उभा राहायचा. आणि मग ती शिडीच काढून घेतली. 'लढाऊ जमाती' नावाचे खोटे शास्त्र पुढे करून १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे पुन्हा तीच मागणी मांडली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्यामागे बाबासाहेबांनी सतत केलेला पाठपुरावा होता. पिढ्यान्पिढ्या आपल्या माणसांनी बंदूक मागितली ती लढाईच्या हौसेने नाही. त्यांना ती शिडी हवी होती.

शिवाय हुद्दा छावणीच्या फाटकापर्यंतच चालायचा. १९०१ मध्ये लहान भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले, तेव्हा मसूर स्टेशनवर काय झाले ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. चांगले कपडे घातलेली मुले पाहून स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला. जात कळताच त्याचा चेहरा बदलला. सुभेदाराच्या मुलांना गाडीवान मिळेना, पाणी मिळेना.

ही १९०१ ची गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. मग आमच्या गावातले ऐका. आपल्याकडे खेड्यात कोणत्याही फौजीला 'मेजर' म्हणायची पद्धत आहे. वरच्या आळीतले एक गृहस्थ शिपाई म्हणून निवृत्त झाले. एस.टी. स्टँडवर सगळे त्यांना "या मेजर, बसा मेजर" म्हणतात. आमचे मामा तीन फिती लावून आले. त्याच स्टँडवर त्यांच्या निम्म्या वयाची पोरे त्यांना एकेरी नावाने हाक मारतात. ते गृहस्थ आणि मामा एकमेकांना मात्र नीट "जय हिंद" करतात, कारण दोघांना पलटण माहीत आहे. स्टँडला पलटण माहीत नाही, स्टँडला आळी माहीत आहे. मामांना याचे वाईट वाटते का, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "तिथं माझं नाव यादीत होतं. इथं यादीच नाही."

पण जात फाटकाबाहेरच थांबते, असे समजण्याचेही कारण नाही. जातीची सवय हुद्द्याच्या कपड्यात आत शिरते, आणि ती शिरते तो दरवाजा म्हणजे सहायक प्रथा. इंग्रजांच्या काळात त्याला ऑर्डर्ली म्हणत. कागदावर सहायकाचे काम असे: अधिकारी किंवा जेसीओचा गणवेश, शस्त्र, साहित्य सज्ज ठेवणे, मोहिमेवर सोबत राहणे. युद्धभूमीवर हे काम खरेच लागते. पण प्रत्यक्षात अनेक ठिकाणी सहायक साहेबांच्या घरी जातो. कुत्र्याला फिरवतो, मुलांना शाळेत सोडतो, मेमसाहेबांची भाजी आणतो. मामांनी तरुणपणी काही महिने हे काम केले. ज्या हातांनी त्यांनी रायफल खोलून जोडायची परीक्षा पास केली होती, त्याच हातांनी साहेबांच्या पाहुण्यांचे बूट पुसले. ते साहेब कोण, कोणत्या जातीचे, हे मामांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. तो प्रश्न गैरलागू आहे. साहेब कोणत्याही जातीचे असोत, ते काम जातीचे होते.

असे आम्ही का म्हणतो? कारण वेठ ओळखायची कसोटी बाबासाहेबांनीच आपल्याला दिली आहे. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे बिल मांडताना त्यांचा मुख्य आक्षेप हाच होता की या वतनाच्या कामाला मर्यादा नाही. वेळ ठरलेली नाही, काम ठरलेले नाही, हुकूम कोणाकोणाचा ऐकायचा तेही ठरलेले नाही, आणि घरातल्या एकाच्या नावावरच्या वतनासाठी सगळे कुटुंब राबते. आता घरकाम करणारा सहायक समोर आणा. वेळ ठरलेली नाही. काम ठरलेले नाही. आणि हुकूम देणारी मेमसाहेब ज्या हुद्द्यावर आहे, तो हुद्दा कोणत्याही कायद्यात नाही. हुद्द्याची हद्द जिथे पुसली जाते तिथे वतन सुरू होते.

कायद्याला ही हद्द माहीत आहे. आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ४१ नुसार हुकूम मोडणे गुन्हा आहे, आणि शिक्षा कडक आहे. पण ते कलम 'कायदेशीर' हुकुमाबद्दल बोलते. कलम ४७ म्हणते की हाताखालच्या माणसाला मारहाण किंवा छळ करणारा अधिकारी, जेसीओ किंवा एनसीओ सात वर्षांपर्यंतच्या कैदेला पात्र आहे. कलम २६ शिपायाला तक्रारीचा हक्क देते. भरतीच्या तयारीत मुले १६०० मीटर किती मिनिटांत पळायचे हे पाठ करतात. ही तीन कलमे त्यांना कोणी पाठ करायला लावत नाही.

२००८ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने सहायक प्रथा बंद करा, अशी स्पष्ट शिफारस केली. जवान देशसेवेसाठी भरती होतो, कोणाच्या घरच्यांच्या सेवेसाठी नाही, असे समितीचे म्हणणे होते. नौदल आणि हवाई दल या प्रथेशिवाय चालतात. तरीही भूदलात ती राहिली. जानेवारी २०१७ मध्ये एका लान्स नाईकने व्हिडिओ काढून याबद्दल दाद मागितली. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पमध्ये एका तरुण जवानाचा मृतदेह सापडला. त्याच्या काही दिवस आधी सहायकांच्या कामाचे छुपे चित्रीकरण प्रसिद्ध झाले होते, आणि त्यात तो बोलताना दिसला होता. त्यावर सरकारचे संसदेतले उत्तर असे होते की जवानांना घरगुती हलकी कामे देऊ नयेत अशा सूचना आहेत. सूचना आहेत! अस्पृश्यता पाळू नका अशाही सूचना गावोगाव भिंतीवर रंगवलेल्या आहेत.

आणि हे फक्त वरचेच करतात असेही नाही. दोन फितीवाला रिक्रूटकडून कपडे धुवून घेतो. तोच रिक्रूट चार वर्षांनी नव्या पोराकडून धुवून घेतो, आणि म्हणतो, "आम्ही नाही का केलं?" श्रेणीबद्ध विषमता म्हणजे दुसरे काय? बाबासाहेबांनी सांगितले तेच. प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी ठेवलेला असतो, म्हणून कोणी वर बघून बंड करत नाही. आपला मुलगा वरचा अन्याय सोसतो हे दुःख आहेच. पण तोच मुलगा खाली अन्याय करायला शिकून येत असेल, तर जयभीम म्हणण्याचा त्याला काय अधिकार?

आता सर्वात ताजा मुद्दा. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम, बाकीचे सेवानिधीची रक्कम घेऊन घरी. पेन्शन नाही. पैशाची चर्चा भरपूर झाली, पण आम्हाला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. अग्निवीर हा सैन्यातल्या इतर हुद्द्यांहून वेगळा हुद्दा आहे. चारात तीन मुलांच्या दंडावर कधीच फीत लागणार नाही. ती चार वर्षे सगळ्यांना "साहेब" म्हणतील, उस्तादाचे ऐकतील, सीनियरचे ऐकतील, आणि स्वतः कोणाचेही सीनियर न होता परत येतील. हुकूम पाळण्याचे ओझे आपण का स्वीकारत होतो? त्याच्या बदल्यात शिडी होती म्हणून. आज ऐकणारा उद्या हुकूम देणारा होईल आणि त्याला खालच्याचे दुःख माहीत असेल, या भरवशावर. शिडी काढली तर उरतो तो मजला. आणि शिडी नसलेल्या मजल्याला आपल्या भाषेत काय म्हणतात, हे या वाचकांना सांगायची गरज नाही.

मग मुलांना भरतीला पाठवू नये का? आम्ही तसे म्हणत नाही. घरात एक पगार यावा म्हणून पहाटे चारला उठणाऱ्या मुलाला खुर्चीत बसून उपदेश करणे आम्हाला शोभत नाही. शिस्तीचेही आम्हाला वावडे नाही. समता सैनिक दलाला बाबासाहेबांनी गणवेश दिला, कवायत दिली, सलामी दिली. शिस्त ही आपल्या चळवळीची ताकद होती आणि आहे.

पण फाटकातून आत जाण्याआधी प्रत्येक मुलाने तीन प्रश्न मनात लिहून ठेवावेत. हा हुकूम कामासाठी आहे की माणसाच्या सोयीसाठी? हुकूम देणाऱ्याला तो देण्याचा हुद्दा आहे का? आणि उद्या मला हा हुद्दा मिळाला तर हाच हुकूम मी खालच्याला देईन का? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर 'हो, कामासाठी आणि हुद्द्याने' असे आले, तर टाच जुळवून ताठ उभे राहा. त्यात कमीपणा नाही. उत्तर 'नाही' आले, तर कलम २६ लक्षात ठेवा, एकटे लढू नका, घरी आणि चळवळीत सांगा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही कायद्यात मिळणार नाही. ते प्रत्येकाने स्वतःच द्यायचे आहे.

आणि आपण, जे गावात राहतो, त्यांचेही एक काम आहे. सहायक प्रथा बंद करण्याची २००८ ची शिफारस आजही संसदेच्या कागदात पडून आहे. आपल्या खासदाराला तिच्याबद्दल विचारा. अग्निवीर म्हणून परत येणाऱ्या मुलांच्या पुढच्या नोकरीचा हिशोब ग्रामसभेत मागा. आणि एस.टी. स्टँडवर कोणी निवृत्त हवालदाराला एकेरीत हाक मारली, तर तिथल्या तिथे मोठ्याने म्हणा, "जयभीम, हवालदार साहेब." पलटणीत हवालदाराला साहेब म्हणत नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. गावात म्हणायला हवे.

जयभीम. जय संविधान.